कॉलरखालचं सुरूचं झाड

नजीबानं आयुष्यात एकाही परपुरुषाला माप घ्यायला फीत लावली नाही, आणि तरी समुद्रकाठच्या सूर शहराच्या दक्षिणेला निर्वासितांच्या त्या छावणीत तिच्याइतकं अंगाबरोबर कुणी शिवत नव्हतं. माणूस दारात उभा राहिला की ती मशीनवरून मान वर करायची, टाचेपासून टाळूपर्यंत एकदा बघायची आणि म्हणायची, "वळ." तो वळला की, "जा." झालं माप.

लढणारी पोरं तिच्याकडे यायची कारण त्यांच्या वर्द्या त्यांच्या नव्हत्याच. कुठल्या कुठल्या देशांच्या सैन्यांनी काढून टाकलेले गठ्ठे बोटीतून यायचे. एकात हिरवे-तपकिरी आडवे फराटे, दुसऱ्यात पानांसारखे ठिपके, तिसऱ्यात नुसता चिखल. शिवलेल्या त्या सहा फुटी गोऱ्यांसाठी, आणि घालायच्या कुणी, तर मदतीच्या पिठावर आणि मसुरीच्या कढणावर वाढलेल्या पोरांनी! बाह्या गुडघ्याला यायच्या. मग नजीबा कापायची, दुमडायची, टीप मारायची. ज्या गटाला जे कापड मिळालं तोच त्या गटाचा अभिमान. ठिपकेवाले फराटेवाल्यांना 'सरडे' म्हणायचे, फराटेवाले ठिपकेवाल्यांना 'गोवर झालेले'. नजीबाच्या ओट्यावर दोघंही चपला काढून गुमान बसायचे, कारण ती कुणाचंच ऐकून घ्यायची नाही.

तिला लोक संशयी म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काय जातं? शहात्तरच्या उन्हाळ्यात तिचा नवरा शकीब ज्या रस्त्यानं पिठाचं पोतं आणायला गेला, त्या रस्त्यावर चार जण उभे होते. अंगावर आडव्या फराट्यांच्या वर्द्या. "आपलीच पोरं आहेत," असं म्हणून शकीब हात हलवत पुढे गेला. कापड आपलं होतं, आतली माणसं आपली नव्हती. शकीबचं पोतं तेवढं मिळालं.

तेव्हापासून नजीबाच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक वर्दीला खूण असायची. कॉलरच्या खाली, मानेच्या बाजूला, नखाएवढं सुरूचं झाड. फुलीच्या टाक्यांचं, डाळिंबी दोऱ्याचं. तिच्या गावच्या बायका लग्नाच्या झग्यावर भरायच्या तसं. गाव आता सरहद्दीपलीकडे होतं, पण टाका बोटांत राहिला होता. प्रत्येक झाड वेगळं: कुणाच्या झाडाला डावी फांदी कमी, कुणाचा शेंडा वाकडा, कुणाच्या बुंध्याला दोनच फुल्या. वही नाही, कागद नाही. कोणतं झाड कुणाचं ते सगळं डोक्यात. ज्यांच्या मानेवर ती झाडं होती त्यांनाही पत्ता नव्हता. एकाच माणसाला ठाऊक होतं, शकीबचा चुलतभाऊ रुश्दी. छावणीच्या पहारा समितीचा तो मुख्य. चोरलेल्या वर्द्या सैदा शहराच्या बाजारात विकणारा एक भामटा या झाडांवरूनच सापडला होता. तेव्हापासून रुश्दी म्हणायचा, "एक वेळ माझी बंदूक चुकेल, वहिनीचा डोळा चुकायचा नाही." हे ऐकलं की नजीबा तोंड वाकडं करायची, पण आतून तिला बरं वाटायचं.

एकोणऐंशीच्या जानेवारीत बेकरीच्या दाराशी कुणीतरी पिशवी ठेवून गेलं आणि पिशवी फुटली. तीन माणसं गेली. कुणी म्हणालं, ठेवणारा आपल्याच वर्दीत होता. मग काय! जो तो दुसऱ्याच्या अंगावरचं कापड निरखायला लागला. अनोळखी माणसाला पहारेवाले उचलून न्यायचे, आणि नेलेला प्रत्येक जण परत यायचाच असं नव्हतं.

त्याच आठवड्यात मुंजिद दारात उभा राहिला.

नजीबानं त्याला आधी दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा तो शेजारीण तमाम हिच्या घरामागच्या बोळातून बाहेर पडत होता, खांदे आवळून, पुढची गल्ली टाळून. विशी-बाविशीचा. मिशी फुटलेली, पण दाढीला अजून वेळ.

"खाला, सलाम. बाही जळलीये. शेगडीवर पडली." त्यानं फराट्यांचं जाकीट पुढे केलं.

"कुठला तू?"

"उत्तरेच्या छावणीतला."

"उत्तरेला शिंपी मेले सगळे?"

तो ओशाळं हसला. "इथं काम आहे दोन दिवस."

"कसलं काम?"

"असंच."

'असंच' हा शब्द ऐकला की नजीबाचा कान उभा राहायचा. तिनं जाकीट घेतलं, उलटं केलं. काखेतली शिवण तिची, कफाची दुमड तिची. सवयीनं अंगठा कॉलरखाली गेला आणि तिथंच थांबला. सुरूचं झाड. उजवीकडे तीन फांद्या, डावीकडे दोन, शेंड्यावर एकच फुली.

हे झाड जौदतचं होतं.

जौदत म्हणजे तमामचा थोरला. तिथल्या रीतीप्रमाणे तमामला सगळे उम्म जौदत म्हणायचे, जौदतची आई. गेल्या एप्रिलमध्ये टेकडीवरच्या चकमकीत तो पडला. त्याचं चित्र अजून बेकरीच्या भिंतीवर होतं, पावसानं निम्मं उतरलेलं. नजीबानं त्याला मातीत जाताना पाहिलं होतं. रणात पडलेल्याला न्हाऊ घालत नाहीत, त्याचे कपडे बदलत नाहीत. ज्या कपड्यांत रक्त सांडलं त्याच कपड्यांत पुरायचं, तीच त्याची देवापुढची साक्ष. म्हणजे हे जाकीट नऊ महिने मातीखाली असायला हवं होतं.

नजीबाचा चेहरा हलला नाही. आयुष्यभराची तालीम होती ती.

"घाल बघू एकदा," ती म्हणाली. "बाहीचा अंदाज घेते."

त्यानं घातलं. जौदत लहानपणापासून नळावरून पाण्याचे डबे वाहायचा, त्याचा उजवा खांदा उतरलेला. म्हणून तिनं उजवा खांदा अर्धं बोट खाली कापला होता. या पोराच्या सरळ खांद्यावर तिथं कापड ताणून मानेजवळ फुगा आला होता.

"तुझंच ना रे हे?"

"हो. कोठारातून मिळालं."

"कुठल्या कोठारातून?"

"सैद्याच्या."

"कधी?"

"उन्हाळ्यात... खाला, बाहीच शिवायची आहे, माझं लग्न नाही जमवायचं."

"जीभ चालते वाटतं. वळ."

तो वळला. डाव्या बरगडीवर वाटाण्याएवढं रफू होतं. बारीक, आतून धागा घेऊन केलेलं. नजीबाचं नव्हे. गोळीचं भोक कुणीतरी प्रेमानं बुजवलं होतं, नाहीतर फार हुशारीनं.

"उद्या ये. तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर."

"आज नाही होणार? थंडी आहे."

"थंडीनं कुणी मरत नाही. उद्या."

तो अंगातल्या पातळ स्वेटरवर गेला. गल्लीच्या तोंडाशी जाऊन डावीकडे उजवीकडे बघितलं आणि मागच्या बोळात शिरला. पुन्हा तमामच्या घराकडे.

नजीबानं मशीनवर कापड टाकलं, डोक्याला ओढणी बांधली आणि तडक समितीच्या खोलीवर गेली. डोकं तापलं की तिला बसून विचार करता यायचा नाही. पाय आधी चालायचे. मेलेल्याच्या अंगावरचं ओरबाडून, त्याचं भोक बुजवून, त्याच वेशात हेर पाठवायचा! आणि तो निर्लज्ज त्याच्याच आईच्या दाराशी घुटमळणार! बेकरीतली तीन माणसं तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि त्यांच्यामागे शकीब, हात हलवत.

रुश्दी कॉफी पीत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. झाडाचंही.

"जौदतचंच? नक्की?"

"माझ्या हातचं मी ओळखणार नाही?"

"तसं नव्हे वहिनी. तू हो म्हणालीस की मला दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही, म्हणून विचारतो."

"हो."

"मग उद्या अस्रला येतो. तोवर त्याला कुणकुण लागू देऊ नकोस." कप खाली ठेवून तो म्हणाला, "तो पोरगा संपला समज."

येताना नजीबाचे पाय हलके होते. आपण काम केलं, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला तमामची आठवण झाली. आपल्या लेकाचा वेश हेराच्या अंगावर सापडला हे बिचारीला गल्लीतून कळायला नको, आपणच सांगावं, म्हणून ती शेजारी गेली. तमाम परातीत कणीक तिंबत होती. भिंतीवर जौदतचा फोटो, खाली वाटीत झातरचा मसाला आणि तेल.

"ये गं. चहा टाकते."

"चहा राहू दे. तमाम, मन घट्ट कर. जौदतची वर्दी सापडली आहे."

तमामचे हात थांबले नाहीत. कणीक उलटली, दाबली, पुन्हा उलटली. "बरं," ती म्हणाली.

नजीबाच्या मनात टोचायला लागलं. कुठली वर्दी, असं हिनं विचारलं नाही. ती तर पुरली, असं म्हणाली नाही. जिच्या लेकाची कबर उकरली असेल ती बाई 'बरं' म्हणते? गेली पंधरा वर्षं एका भिंतीला भिंत. पंधरा वर्षांत या बाईवर तिनं एकदाही संशय घेतला नव्हता. आणि आता?

"तो मागच्या बोळातून येणारा पोरगा कोण?"

"कोण पोरगा?"

"माझ्याशी असं करू नकोस. मी रुश्दीला सांगून आले आहे. आज अस्रला ते त्याला नेतील."

परात तमामच्या मांडीवरून सरकली. ती उठली, दाराला कडी घातली, आणि दाराला पाठ लावून तशीच खाली बसली, पिठाचे हात हवेत धरून.

"काय केलंस गं नजीबा!"

"मी काय केलं? तू काय केलंस ते सांग."

"तुला आठवतं, त्याला आणला तेव्हा मी म्हटलं, मला माझ्या लेकाजवळ घटकाभर एकटीला सोडा?"

"आठवतं. मीच दारात उभी होते. मौलवीलासुद्धा आत सोडला नव्हता."

"तूच उभी होतीस म्हणून जमलं." तमामनं कोपरानं डोळे पुसले. "मी ते जाकीट काढलं त्याच्या अंगावरून. कुठल्या परक्या देशाची ती टाकलेली चिंधी, त्यात कुठल्या लष्कराचे आकडे छापलेले. त्या चिंधीत मी माझा मुलगा पुरू? लग्नासाठी त्याचा पांढरा सदरा भरत होते मी, दोन वर्षं. तूच तर गळ्याची नक्षी काढून दिली होतीस. तो घातला त्याला. वरून कापड गुंडाळलं आणि दार उघडलं. कुणाला काय कळतंय?"

"अगं पण कपडे बदलले म्हणजे..."

"माहीत आहे मला! म्हणतील, आईनंच त्याला शहीद नव्हे, साधा मेलेला ठरवला. बेकरीच्या भिंतीवरचं चित्र उतरवतील. धाकट्याला शाळेत चिडवतील. म्हणून तर तोंड शिवून बसले. पाण्यातून सात वेळा काढलं ते जाकीट. भोक बुजवलं. मग ते घरात ठेववेना आणि टाकवेना. मग हिवाळा लागला आणि हा मुंजिद आला. जौदतला पाठीवर घेऊन टेकडी उतरलेला हाच. थंडीत नुसत्या सदऱ्यावर. मी दिलं. कुराणावर हात ठेवून शपथ घातली, कुठून मिळालं ते जीव गेला तरी सांगायचं नाही. महिन्याला येतो गं, मला तेल आणून देतो, लाकडं फोडून देतो."

बरगडीवरचं ते रफू कुणाच्या हातचं ते नजीबानं ओळखायला हवं होतं. पंधरा वर्षं या बाईचे टाके बघत आली होती ती. पण संशय एकदा डोळ्यांत शिरला की समोरचं दिसतच नाही.

"तो सांगणार नाही," तमाम म्हणाली. "मारून टाकलं तरी सांगणार नाही. मीच जाते रुश्दीकडे. जे होईल ते होवो."

"तू कणीक तिंब," नजीबा म्हणाली. "दाराबाहेर पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन."

घरी येऊन तिनं जाकीट मांडीवर घेतलं. रुश्दीनं तिच्या शब्दावर विश्वास ठेवला होता तो या झाडामुळे. झाड नाही तर काहीच नाही. तिनं सुईच्या टोकानं शेंड्याची फुली उचलली, कापली, ओढली. मग फांद्या. मग बुंधा. डाळिंबी दोऱ्याचे तुकडे तिनं चुलीत टाकले. आजवर शेकडो झाडं घातली होती. उसवलेलं हे पहिलं. मग भराभर बाही शिवली.

अस्रची बांग संपली आणि मुंजिद आला, थंडीनं निळा पडलेला.

"बस," नजीबा म्हणाली. तिनं पोळीचा तुकडा तोडला, तेलात बुडवला, वर मीठ भुरभुरलं. "खा."

"भूक नाही, खाला."

"तुला विचारलं का मी? खा! आणि तोंड बंद ठेव. कोणी काही विचारलं तर मी बोलेन."

तो गोंधळून चावायला लागला. दुसरा घास गिळतोय तोच रुश्दी आत आला. मागे दोन बंदूकवाले. ओटा भरून गेला.

"हाच?"

"हाच," नजीबा म्हणाली. "पण मी चुकले."

रुश्दीनं भुवया वर केल्या. "काय?"

"जौदतची नाही ती. काल उजेड कमी होता. झाड बघितलं असं वाटलं, आज बघते तर काही नाही. म्हातारी झाले रे."

मागचा बंदूकवाला फिसकन हसला. "नजीबाचा डोळा गेला!"

"तुझ्या विजारीची मागची शिवण मीच मारलीये," ती त्याच्यावर कडाडली. "उसवायला लावू नकोस."

रुश्दी हसला नाही. तो मुंजिदकडे वळला. "कुठून आणलंस हे?"

मुंजिदनं नजीबाकडे पाहिलं. मग म्हणाला, "सैद्याच्या कोठारातून."

"तिथला कोठारवाला कोण?"

पोरगा हातातल्या पोळीकडे बघत राहिला. कपाळावर थंडीतही घाम.

"वहिनी," रुश्दी हळू आवाजात म्हणाला, "काल तू हो म्हणालीस. आज नाही म्हणतेस. या दोन दिवसांत तुला कोण भेटलं?"

काल या नजरेनं ती दुसऱ्याकडे बघत होती. आज तीच नजर तिच्यावर लागली होती, आणि ती किती जड असते ते तिला पहिल्यांदा कळत होतं.

"मला कोण भेटणार? मी आणि माझी मशीन. हे बघ रुश्दी, पोरानं माझ्या घरचं मीठ खाल्लंय. तो माझ्या आसऱ्याला आहे. मी त्याला जामीन."

गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, नजीबा सख्ख्या बहिणीलाही जामीन राहिली नसती. रुश्दीनं तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"याच्या हातून काही झालं तर माझ्याकडे माफी मागायला येऊ नकोस. आधी तुझं दार ठोठावेन."

"ठोठाव."

"आण ते जाकीट."

तिनं दिलं. रुश्दी दारातल्या उजेडात गेला आणि त्यानं कॉलर उलटली. नजीबाही त्याच्या खांद्यावरून बघत होती. दोरा गेला होता, पण झाड गेलं नव्हतं. तमामच्या सात धुण्यांनी आजूबाजूचं कापड विटलं होतं आणि दोऱ्याखालचं तेवढं गडद राहिलं होतं. उजवीकडे तीन फांद्या, डावीकडे दोन, शेंड्यावर एक. हिरवंगार सुरूचं झाड, खऱ्या रंगाचं.

रुश्दीनं त्यावरून अंगठा फिरवला. एकदा. मग त्याची नजर मधल्या भिंतीवर गेली. पलीकडे तमामच्या घरातून परातीत कणीक आपटल्याचा आवाज येत होता, नको इतक्या जोरानं.

"इथं काही नाही," तो म्हणाला, कॉलर पाडली आणि जाकीट तिला परत दिलं.

बंदूकवाले खाली उतरले. रुश्दी उंबऱ्यात थांबला. "उद्यापासून समितीच्या वर्द्या मी सैद्याला पाठवीन, वहिनी. तुझे डोळे थकलेत."

"पाठव," नजीबा म्हणाली.

तो गेला. आता ही गोष्ट दिवेलागणीपर्यंत सगळ्या गल्ल्यांत फिरणार, हे तिला कळत होतं. ठिपकेवाले हसतील, फराटेवाले हसतील, आणि कापड दुसरीकडे नेतील. मुंजिद अजून पोळीचा तुकडा हातात धरून बसला होता.

"खाला, तुम्हाला तिनं..."

"मला कुणी काही सांगितलेलं नाही. आणि यापुढे पुढच्या गल्लीनं येत जा, चोरासारखा मागून काय येतोस? ऊठ. घाल ते."

त्यानं जाकीट घातलं. उजव्या खांद्यावर जौदतच्या मापाचा फुगा तसाच होता. नजीबानं कात्री घेतली.

"वळ," ती म्हणाली.